तारीख मिळेपर्यंत

छाती उघडून करायच्या शस्त्रक्रियेसाठी सार्वजनिक रुग्णालयात वाट पाहावी लागते. अँजिओग्राफीच्या अहवालाखाली डॉक्टरांनी ‘बायपासचा सल्ला’ असे लिहिले, त्या दिवसापासून ही प्रतीक्षा सुरू झाली असे कागदोपत्री धरले जाते. प्रत्यक्षात तिची सुरुवात फार आधी झालेली असते. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबावे लागू लागले, छातीत दाटून आले ते गॅस म्हणून अंगावर काढले, खाडा पडेल म्हणून दवाखाना पुढच्या आठवड्यावर ढकलला, हे सगळे दिवस त्या वाट पाहण्यातच जमा होतात. तारीख मिळाल्यावरही ती संपत नाही, कारण तारीख पुढे जाऊ शकते. म्हणून ‘ऑपरेशनला किती दिवस लागतील’ या साध्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एकामागे एक लागलेल्या चार-पाच रांगा असतात आणि रुग्णालयाच्या वहीत त्यांतली फक्त शेवटची नोंदलेली असते.

या रांगा कशा लागतात हे कांजूरमार्गसारख्या उपनगरातून नीट दिसते. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग. एके काळी कांजूरमार्गलाच क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा कारखाना. पुढे भांडुपला सिएट, एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू. पूर्वेला द्रुतगती महामार्ग, त्यापलीकडे मिठागरे, खाडी आणि कचराभूमी. कारखान्यात कायम असलेल्या कामगाराकडे ईएसआयचे कार्ड असे आणि मुलुंडचे कामगार विमा रुग्णालय त्याच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. कारखाने एकेक करून आटले, जागांवर टॉवर आले. पुढच्या पिढीच्या वाट्याला रखवालदारी, डिलिव्हरी, घरकाम आणि कंत्राटी नोकऱ्या आल्या. त्यांतल्या अनेकांकडे ते कार्ड उरले नाही. आजारपणाचा पहिला आधार गेला, तो असा.

जवळपास महापालिकेची रुग्णालये आहेत. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल. ताप, बाळंतपण, मोडलेले हाड यांसाठी माणसे तिथेच जातात. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली की चिठ्ठी बहुधा दक्षिणेकडची मिळते: शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, नाहीतर भायखळ्याचे सरकारी जे. जे. कांजूरमार्गला धीमी लोकलच थांबते. विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर करत परळ येते. धडधाकट माणसाला हा रोजचा प्रवास आहे. झडप आकसलेल्या बाईला मात्र स्टेशनच्या पुलाचा जिनाच झेपत नाही. सोबत कोणी तरी लागते आणि सोबतच्या माणसाचाही त्या दिवसाचा रोज बुडतो. मुलुंड आणि पवई इथली मोठी खासगी रुग्णालये यापेक्षा जवळ आहेत, पण तिथल्या खर्चाचा अंदाज ऐकल्यावर अनेक कुटुंबे पुन्हा परळचीच गाडी धरतात.

पहिली रांग तपासण्यांची. केस पेपर, ओपीडीत नंबर, मग ईसीजी, टू-डी इको, रक्ताच्या चाचण्या, त्यानंतर अँजिओग्राफी. प्रत्येक पायरीची तारीख वेगळी. इको करणारे हात थोडे आणि दारात बसलेली माणसे पुष्कळ, म्हणून ज्याला आज दम लागतो त्याच्या इकोची तारीख पुढच्या महिन्यातली असू शकते. घरातली एक प्लास्टिकची पिशवी हळूहळू फुगत जाते. तिच्यात एक्स-रे, अँजिओग्राफीची सीडी, औषधांच्या चिठ्ठ्या, शिधापत्रिकेच्या चार झेरॉक्स, आधार कार्ड. ती पिशवी विसरली तर दिवस फुकट जातो, हे कुटुंबाला पहिल्याच फेरीत कळलेले असते. अहवाल आले की हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक ते एकत्र पाहतात आणि स्टेंट, बायपास की नुसती औषधे, हे ठरते. त्यानंतर फाइल हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांच्या, म्हणजे सीव्हीटीएस विभागात जाते आणि तिथल्या वहीत नाव चढते. बाहेरच्या जगाला ‘वेटिंग’ म्हणून ठाऊक असते ते इथून पुढचे.

दुसरी रांग पैशाची. महाराष्ट्रात 1997 पासून जीवनदायी योजना होती. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी गरिबांना तिचा आधार मिळे. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही होते. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले आणि 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती पाच लाखांवर नेण्याचा आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसकट सगळ्या कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला आणि 2024 पासून तो लागू झाला. हे फार मोठे काम आहे. बायपाससाठी मंगळसूत्र आणि गावची जमीन विकली जात होती तो काळ अनेक घरांनी पाहिलेला आहे आणि या योजनेने तो बराच मागे ढकलला. तरीही कागदाचा वेळ लागतोच. शिधापत्रिका गावची असते, नाव एका अक्षराने वेगळे असते, सुनेचे नाव चढवायचे राहिलेले असते. रुग्णालयातला योजनेचा आरोग्यमित्र फाइल ऑनलाइन पाठवतो, मंजुरी येते, कधी त्रुटी निघून ती परत येते. शस्त्रक्रियेची गरज सिद्ध झाल्यावर शिधावाटप कार्यालयात चकरा मारणारा माणूस वैद्यकीय यादीत कुठेच दिसत नाही.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्गही आहे आणि तो पुरेसा माहीत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजना ठरवून दिली. तिच्यानुसार अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तसेच बिलांच्या एकूण रकमेचे 2 टक्के गरीब रुग्णांच्या निधीत वळवावे लागतात. मुंबईतली अनेक नामांकित खासगी रुग्णालये मुळात धर्मादाय न्यासांचीच आहेत. खाट रिकामी आहे की नाही हे रुग्णाच्या नातेवाइकाला स्वागतकक्षात विचारूनच कळत असेल, तर तो हक्क कागदावर राहतो.

तिसरी रांग शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी लागते आणि तिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. डॉक्टर कमी आहेत म्हणून उशीर होतो, एवढेच लोकांना वाटते. बायपास हे चार ते सहा तासांचे काम आहे. एका टेबलावर दिवसात एक, फार तर दोन शस्त्रक्रिया होतात. शल्यचिकित्सक एमएस झाल्यावर आणखी तीन वर्षे एमसीएच करून तयार होतो. त्याच्या बरोबरीने हृदयाच्या भुलेचा तज्ज्ञ लागतो. हृदय थांबवून काम करायचे असेल तर हार्ट-लंग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट लागतो. त्या यंत्राचा ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा संच प्रत्येक रुग्णाला नवा लागतो. भारतात पुष्कळ बायपास धडधडत्या हृदयावर, यंत्राशिवाय होतात, पण तेव्हाही यंत्र आणि माणूस हाताशी ठेवावाच लागतो. या साखळीतला एक जण रजेवर गेला किंवा एका संचाची निविदा अडकली, तरी टेबल मोकळे पडते.

एवढे जमले तरी खरा अडसर पुढेच असतो. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस अतिदक्षता विभागातली खाट लागते, तीही अशी की जिच्यापाशी रात्रभर जागी परिचारिका असेल. आधीच्या रुग्णाला व्हेंटिलेटरवरून काढता आले नाही, तर ती खाट मोकळी होत नाही आणि सकाळी उपाशी ठेवलेल्या, छातीवरचे केस काढलेल्या माणसाला ‘आज नाही’ असे सांगावे लागते. रात्रीत कुणाची महाधमनी फाटली, कुणाच्या छातीत चाकू घुसला, तर त्याला आधी घ्यावे लागते आणि ते योग्यच आहे. रक्ताचेही गणित असते. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावी जातात, रक्तदान शिबिरे घटतात आणि मुंबईच्या रक्तपेढ्यांत दरवर्षी टंचाई जाणवते. नातेवाइकांना रक्तदाते आणायला सांगितले जाते. गावाहून एकट्या आलेल्या माणसाने दाते कुठून आणायचे? 2020 साली तर ही सगळी व्यवस्था थांबली. नायर पूर्णपणे कोविडसाठी दिले गेले, इतरत्र तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या आणि साठलेली यादी उपसायला पुढे बराच काळ गेला.

यादीत कोण कोण असते, हेही पाहिले पाहिजे. शहरात हृदयविकार म्हटले की डोळ्यांसमोर पन्नाशीचा, ब्लॉकेज असलेला पुरुष येतो. सार्वजनिक रुग्णालयांच्या यादीत त्याच्या शेजारी अजूनही संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली तरुण माणसे असतात आणि त्यांत बायका पुष्कळ असतात. लहानपणी घसा दुखतो, तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे. दाटीवाटीच्या खोलीत एकाचा दुसऱ्याला होतो. काही मुलांत त्यानंतर सांधे सुजतात, ताप येतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती चुकून हृदयाच्या झडपांवर चालून जाते. वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर हे टळते. ताप येऊन गेल्यावरही दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेतले तर झडप वाचू शकते. हे घडत नाही. मुलगी मोठी होते, लग्न होते आणि पहिल्या गरोदरपणात सहाव्या-सातव्या महिन्याला तिला आडवे पडता येत नाही. ओपीडीत डॉक्टर विचारतात, “रात्री किती उशा लागतात?” दोन, तीन, किंवा भिंतीला टेकून बसून, असे उत्तर आले की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटते.

आकसलेली मायट्रल झडप काही वेळा मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन उघडता येते, त्याला छाती उघडावी लागत नाही. झडप बदलावीच लागली तर कृत्रिम झडप बसवतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली चित्रा झडप 1990 मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि भारतीय रुग्णांना परवडेल अशी झडप देशातच मिळू लागली. धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते पाहणारी आयएनआरची तपासणी सतत करावी लागते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही परळची फेरी चुकत नाही.

महाधमनीच्या झडपेबाबत थांबण्याची किंमत सर्वांत स्पष्ट आहे. जॉन रॉस आणि युजीन ब्राउनवाल्ड यांनी 1968 मध्ये दाखवून दिले, की ही झडप आकसलेला माणूस वर्षानुवर्षे बिनलक्षणी राहू शकतो, पण छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा दम लागणे सुरू झाले की शस्त्रक्रियेविना उरलेले आयुष्य सरासरी दोन ते पाच वर्षांचे असते. दम लागू लागला असेल तर सर्वांत कमी. अशा रुग्णाचे सहा महिने आणि औषधांवर स्थिर असलेल्या दुसऱ्या रुग्णाचे सहा महिने वहीत एकाच लांबीचे दिसतात.

जन्मतः हृदयात छिद्र किंवा इतर दोष असलेली बाळे हा तिसरा गट. जगभरात हजार बाळांमागे आठ-नऊ जणांना असा दोष असतो. त्यांच्या बाबतीत वेळ चुकली तर फुप्फुसांतला रक्तदाब इतका वाढतो की पुढे शस्त्रक्रियाच करता येत नाही. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि अशा शस्त्रक्रिया मोफत होतात. परळचे वाडिया आणि खाडीपलीकडे खारघरचे, पैसे न घेणारे सत्य साई संजीवनी या ठिकाणी कांजूरमार्गच्या मुलांना जाता येते. इथे योजना आणि रुग्णालय यांचा मेळ बसलेला दिसतो आणि तो इतरांनाही बसवता येईल.

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेची यादी वेगळी आणि अधिक दुर्लक्षित आहे. मुंबईत क्षयरोग संपलेला नाही, औषधांना दाद न देणारा क्षयही इथे आहे. क्षय बरा झाला तरी काहींच्या छातीत पू साठतो, फुप्फुसावर जाड साल चढते, ते आक्रसते. पू काढायला फासळ्यांमधून नळी घालून ती बाटलीला जोडतात आणि ती बाटली हातात धरून माणूस वॉर्डात फिरतो. साल सोलून फुप्फुस मोकळे करायची शस्त्रक्रिया योग्य वेळी झाली तर ते पुन्हा फुलते. उशीर झाला तर फुप्फुसाचा भागच काढावा लागतो. कुणाच्या जुन्या पोकळीत बुरशी वाढते आणि खोकल्यातून रक्त पडते. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आणि मोठ्या रुग्णालयांचे सीव्हीटीएस विभाग हे काम करतात. पण हृदय आणि छाती यांचा विभाग एकच असल्याने टेबलासाठी हृदयाशी स्पर्धा होते आणि फुप्फुस बहुतेक वेळा मागे राहते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण टाटा स्मारकाकडे जातात. तिथे देशभरातून आलेली माणसे असतात, आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्यांच्यातल्या अनेकांचे तात्पुरते घर असते.

हे शहर या क्षेत्रात मागे कधीच नव्हते. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी डिसेंबर 1967 मध्ये केप टाउनला पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले आणि पुढच्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये ते करून पाहिले. ही शस्त्रक्रिया करणारे ते जगातले चौथे शल्यचिकित्सक. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता तेव्हा नव्हती; मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला 1994 मध्ये. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांना यश मिळाले. मुंबईत यशस्वी प्रत्यारोपणासाठी 3 ऑगस्ट 2015 उजाडावा लागला. पुण्याहून विमानाने आणलेले हृदय विमानतळावरून वाहतूक थांबवून मुलुंडच्या फोर्टिसमध्ये नेले आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते बसवले. काढलेले हृदय साधारण चार तासांत पुन्हा धडधडू लागले पाहिजे. इथे शहराने एका रुग्णासाठी रस्ते मोकळे केले. मुलुंड कांजूरमार्गपासून तिसरे स्टेशन. तिथे हे होऊ शकते, तर आठवड्यातल्या ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी एक खाट आणि एक परिचारिका वेळेवर मिळणे अशक्य नाही.

इतर देशांनीही या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 1980च्या दशकाच्या अखेरीस बायपासची वाट पाहताना झालेल्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. त्यानंतर तिथल्या तज्ज्ञांनी लक्षणे, रोहिण्यांची अवस्था आणि हृदयाची ताकद यांवरून तातडीची श्रेणी ठरवण्याची पद्धत आखली आणि सगळ्या केंद्रांची यादी एकत्र सांभाळणारी यंत्रणा उभी केली. स्वीडनने 1992 मध्ये काही शस्त्रक्रियांसाठी, बायपाससकट, तीन महिन्यांची कमाल मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये 1990च्या दशकात बायपाससाठी वर्षभर थांबणारे लोक होते. 2000 नंतर तिथे पैसा, माणसे आणि जाहीर उद्दिष्टे यांची जोड मिळाली आणि 2005 पर्यंत कमाल मुदत तीन महिन्यांवर आली. या देशांकडे मुंबईपेक्षा पैसा जास्त होता हे खरे. पण पहिले पाऊल पैशाचे नव्हते. त्यांनी आधी यादी मोजली, तिची श्रेणी ठरवली आणि ती लोकांसमोर ठेवली.

मुंबईत हेच राहिले आहे. केईएम, शीव, नायर, जे. जे. यांच्या याद्या एकत्र दिसत नाहीत. एका ठिकाणी टेबल मोकळे असताना दुसऱ्या ठिकाणचा रुग्ण थांबलेला असू शकतो. ओळखीच्या माणसाकरवी तारीख अलीकडे आणण्याची धडपड याच अंधारातून जन्मते. ती धडपड करणाऱ्या नातेवाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. नगरसेवकाच्या चिठ्ठीने जे मिळते ते नियमाने मिळाले तर तो चिठ्ठी आणणार नाही. महापालिका आणि राज्य सरकार यांनी प्रत्येक विभागाची यादी, रुग्णाचे नाव न देता, तातडीच्या श्रेणीसह आणि थांबलेल्या दिवसांसह दर आठवड्याला जाहीर करावी. नाव चढलेल्या प्रत्येकाला श्रेणी, अंदाजे महिना आणि विचारपूस करायचा दूरध्वनी क्रमांक लेखी द्यावा. याला नवी इमारत लागत नाही.

तोवर थांबणाऱ्या माणसाला हातात घेता येईल असे बरेच असते. झडपेच्या शस्त्रक्रियेआधी दातांची तपासणी मागतात, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसू शकतात. ऐन वेळी दात काढायला सांगितला की तारीख जाते, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावे. साखर ताब्यात ठेवावी. तंबाखू, मिश्री, विडी आजच सोडावी. तीन चेंडूंचे एक स्वस्त उपकरण औषधाच्या दुकानात मिळते. नळीतून श्वास आत ओढून चेंडू वर उचलून धरायचे असतात. पहिल्या दिवशी एकच चेंडू हलतो, सरावाने तिन्ही उचलतात आणि शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाला त्याचा उपयोग होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, स्वतःहून नाही. शिधापत्रिकेवरची नावे दुरुस्त करून घ्यावीत, दूरध्वनी क्रमांक बदलला तर वॉर्डात कळवावा, रक्तदात्यांशी आधी बोलून ठेवावे.

आणि वहीत नाव आहे म्हणून त्रास सोसत बसू नये. विश्रांती घेतानाही छातीत दुखू लागले, आडवे पडल्यावर जीव घाबरा झाला, चक्कर येऊन पडायला झाले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर रुग्णाची श्रेणी बदललेली असते. पुढच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठावी आणि सगळे कागद सोबत न्यावेत. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात मोफत येते.